भर दुपारी खराब उजेड

सरांचा अम्पायरचा पांढरा कोट महाल भागातल्या एका शिंप्याने शिवला होता. त्या दुकानात शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे डगले आणि डॉक्टरांचे कोट शिवले जात. अम्पायरचा कोट शिंप्याने कधी पाहिला नव्हता. त्याने डॉक्टरांच्याच बेताचा शिवून दिला, वर पेनचा खिसा आणि बाजूला स्टेथोस्कोप मावेल असा खोल खिसा. रविवारी सकाळी सर तो कोट घालूनच सायकलवर मैदानाकडे निघत, आणि रस्त्यात त्यांना हमखास कोणीतरी थांबवत असे. एखादी बाई पोराला पुढे करून म्हणे, डॉक्टरसाहेब, याची जीभ पाहा ना जरा. सर सायकल स्टँडला लावत. "बाई, मी डॉक्टर नाही, अम्पायर आहे," असं आधी स्पष्ट सांगत. आणि मग पोराकडे वळून म्हणत, "पण जीभ दाखव बाप्पा."

जीभ पाहून ते औषध देत नसत, मैदानावरची जागा देत. याला रोज संध्याकाळी लाँगऑनला उभा करत जा, म्हणत. म्हणजे काय हे बाईला कळत नसे. मग सर समजावून सांगत की लाँगऑन म्हणजे घरापासून दूर, मोकळ्या हवेत, जिथे कधीतरी एकदा जोरात पळावं लागतं आणि बाकीचा वेळ आभाळ पाहता येतं. बाई मान डोलवून जाई. सरांना उशीर होई. नाणेफेक खोळंबे.

ते आमच्या शाळेत कवायतीचे शिक्षक होते. साऱ्या दुनियेतली माणसं त्यांच्या लेखी मैदानावर कुठे ना कुठे उभी होती. पोट साफ होत नाही म्हणणाऱ्याला ते शॉर्टलेगला पाठवत, कारण तिथे दिवसभर वाकावं लागतं. रागीट माणसाला अम्पायरिंग शिकायला सांगत. सहा चेंडू गप्प राहायची सवय लागते, म्हणत. आमचे मुख्याध्यापक त्यांच्या मते जन्मजात स्लिपचे खेळाडू होते: हात पोटाशी आणि नजर दुसऱ्याच्या चुकीवर. मला त्यांनी थर्डमॅनची जागा दिली होती. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तुले सगळं दिसते, पण तुझ्याकडे बॉल येत नाही. म्हणून तू ओरडतो."

ते कोणाला नमस्कार करत नसत. भेटणाऱ्याचा हात हातात घेऊन तळहाताच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडत. कातडी लगेच खाली बसली तर पुढचं बोलणं सुरू होई. रेंगाळली तर सर म्हणत, विहीर आटली, आधी पाणी प्या. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनाही त्यांनी असाच चिमटा घेतला होता. साहेब फार रागावले. राग ओसरल्यावर त्यांनी पाणी मागितलं, आणि दोन ग्लास प्याले. सर व्हरांड्यात उभे राहून ते पाहत होते, आणि ते काय पाहत आहेत हे साहेबांच्या लक्षात आल्यावर साहेब पुन्हा रागावले.

माझं आणि सरांचं खरं नातं शाळा सुटल्यावर जुळलं, तेही भांडणातून. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील गिरणीत होते, युनियनमध्ये होते. संपाची, सभेची, निषेधाची पत्रकं फडताळात अंथरलेली असत, डब्यांवर झाकण म्हणून असत. मी बाराखडीनंतर थेट 'कामगार बंधूंनो' वाचायला शिकलो. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो, आणि त्यातलं एक क्रिकेटवर होतं. 'खेळ साहेबाचा, ऊन आमचं' असं त्याचं नाव. दोघे खेळतात, अकरा सुकतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, असा खेळ कष्टकऱ्याच्या शरीराला काय देणार, असा माझा सवाल होता. सायक्लोस्टाइल करून गिरणीच्या फाटकाशी वाटलं, मैदानावरही वाटलं.

सर ते पत्रक घेऊन घरी आले. वडिलांच्या हाताला चिमटा घेतला, मग माझ्या. मग विचारलं, तू कव्हरला कधी उभा राहिला काय? मी नाही म्हणालो. "मंग अकरा सुकतात हे तुले कोणी सांगितलं?" पुढच्या रविवारी त्यांनी मला कव्हरला उभं केलं. तळवे लाल झाले, पोटऱ्या भरून आल्या, आणि घरी येऊन मी असा झोपलो की आईने दोनदा हलवून पाहिलं. माझ्या पत्रकात झोपेचा उल्लेख नव्हता.

तरी सर क्रिकेटचे भक्त नव्हते. भक्ताशी वाद घालता येत नाही, सरांशी घालता येत असे. "क्रिकेटनं तब्येत सुधरत नाही गा, समजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कचेरीत खुर्चीवर बसून आपण धडधाकट आहोत असं समजणाऱ्या माणसाला दुसरी धाव घेताना खरं काय ते कळतं, असं ते सांगत. खेळाने नजर लांबचं पाहायला शिकते, कंबर वाकायला शिकते, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते ती माणसाची जात. हे फायदे ते मोजक्या शब्दांत सांगत. धोके मात्र दाखवत. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, समोरचे दोन दात बनावट होते. हात वर गेला की खांद्यातून आवाज येई. तो आवाज ते मुलांना कान लावून ऐकायला लावत. दिवसभर उन्हात खेळून पाणी न पिणाऱ्यांना मुतखडा कसा होतो याचं वर्णन ते असं करत की मैदानावरची पोरं निमूटपणे माठाकडे जात.

पण चेंडूला ते घाबरत नसत. चेंडू इमानदार आहे, म्हणत. लागला की सुजतं, दिसतं, माणूस ओरडतो. ऊन बेइमान आहे. ऊन लागलं की माणूस म्हणतो, मी बरा आहे.

आणि आमच्याकडे स्पर्धा व्हायच्या त्या मे महिन्यात. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या, मैदान मोकळं, कचेऱ्यांचे साहेब मोकळे. तारखा ठरवणारी माणसं शामियान्यात बसत. शामियान्याच्या मागे खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी असे आणि तिच्यावर पाणी मारायला एक माणूस नेमलेला असे. ताटीला दर अर्ध्या तासाने पाणी मिळे. खेळणाऱ्याला ते पाणी मागून घ्यावं लागे आणि मागितलं की नाजूक म्हणून हसत. याच्यावर मी रागाने बोलू लागलो की सर म्हणत, राग बरोबर आहे, पण टोपी घाल. स्वतः ते कानावरून दुपट्टा बांधत, त्याच्यावर अम्पायरची टोपी. खिशात कांदा.

आमच्या भागात अजूनही उन्हाळ्यात दुपारी खेळ थांबवताना मुलं "खराब उजेड" असं म्हणतात आणि झाडाखाली जातात. डोक्यावर सूर्य तळपत असतो आणि ती खराब उजेड म्हणतात. नव्या पोरांना हे कुठून आलं ते माहीत नाही.

मिलिंद आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याचे वडीलही गिरणीतच होते आणि गिरणीचे दिवस भरत आले आहेत हे घराघरात कळलं होतं. मिलिंदला क्रिकेटची आवड होती असं म्हणणं अपुरं होईल. त्याला नोकरी हवी होती, आणि नोकरी मिळवून देईल अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, ती म्हणजे त्याचा कव्हर ड्राइव्ह. त्या वर्षी आमच्या वस्तीचा संघ अंतिम सामन्यात पोचला. एका सरकारी खात्याला आपल्या संघासाठी फलंदाज हवा होता आणि त्या खात्याचे साहेब सामना पाहायला येणार होते. शतक झालं तर जागा नक्की, असं सगळे म्हणत होते. समोर बंगलेवाल्यांच्या धरमपेठेचा संघ होता.

आमच्यात एक माणूस कमी पडला म्हणून अकरावा मी. आपल्या पत्रकाविरुद्ध वागतो आहे हे मला कळत होतं, पण वस्तीचा संघ दहा जणांनी उतरवणं हे त्याहून वाईट होतं. आमचे आठ गडी पटापट बाद झाले आणि भर दुपारी मी मिलिंदच्या समोरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तो तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. मला म्हणाला, तू फक्त उभा राहा, मारू नको, तुझं पत्रक नंतर वाट. मी उभा राहिलो. माझ्या शेजारी सर उभे होते.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सर चेंडूकडे कमी आणि मिलिंदच्या सदऱ्याकडे जास्त पाहत आहेत. सुरुवातीला तो सदरा पाठीला चिकटला होता. आता तो कोरडा होता, वाऱ्याने फडफडत होता आणि त्याच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मिलिंद नव्वदीत शिरला. प्रत्येक चेंडूआधी तो सरांना पुन्हा विचारत होता की माझी बॅट कोणत्या यष्टीसमोर आहे. सर सांगत. पुढच्या चेंडूआधी तो पुन्हा विचारी.

सर चालत त्याच्याजवळ गेले, मीही गेलो. त्यांनी त्याच्या हाताची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती तशीच तंबूसारखी उभी राहिली. पाणी पी म्हणाले. तो नको म्हणाला, पोट जड होतं म्हणाला. मग सर हळूच म्हणाले, रिटायर हो.

"रिटायर हर्ट असते सर. मले कुठं लागलं?" मिलिंदने शामियान्याकडे पाहिलं. "आज नाही. साहेब पाहून राहिले."

सरांनीही शामियान्याकडे पाहिलं. नियम त्यांना पाठ होते. फलंदाज बाद नसेल आणि स्वतःहून जात नसेल तर त्याला बाहेर काढायचा अधिकार अम्पायरला नाही. खेळ थांबवायचा अधिकार मात्र आहे. जमीन खराब असेल तर, हवा खराब असेल तर, उजेड खराब असेल तर. सर यष्ट्यांपाशी परत आले आणि त्यांनी बेल्स उचलून खिशात टाकल्या.

"उजेड खराब आहे. खेळ बंद."

आधी कोणाला ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं तेव्हा हशा यष्टीरक्षकापासून सीमारेषेपर्यंत पसरत गेला. धरमपेठेचा कप्तान सभ्य मुलगा होता. तो जवळ येऊन म्हणाला, सर, उजेड जास्त आहे असं म्हणायचंय का तुम्हाला? सर म्हणाले, नियमात अंधार असा शब्द आहे काय? कमी उजेड खराब असू शकतो, तर जास्त उजेड चांगलाच कसा? लेगला उभ्या असलेल्या दुसऱ्या अम्पायरने मान हलवली आणि ती संमती धरली गेली. ते बिचारे नंतर सगळ्यांना सांगत फिरले की मी नाकावरची माशी उडवत होतो.

मिलिंद सरांना जे बोलला ते मी लिहिणार नाही. शिव्या देतच तो निघाला, पण आमच्या झाडाकडे न जाता धरमपेठेच्या तंबूकडे निघाला. मी त्याला धरून वळवलं. कडुलिंबाखाली निजवलं. तो विचारत होता, किती झाले माझे? मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तो ओकला आणि पुन्हा विचारू लागला. सरांनी आपला कोट काढून माठात बुडवला आणि त्याच्या अंगावर पसरला, आणि दुपट्ट्याने वारा घालत त्याच्या उशाशी बसून राहिले. डॉक्टर आला तेव्हा मिलिंदच्या अंगावरचा कोट पाहून तो सरांना डॉक्टरच समजला आणि आधी त्यांच्याशीच बोलू लागला.

उन्हं उतरल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. मिलिंदला उठवत नव्हतं, त्याच्या जागी आमचा शेवटचा गडी आला. मी पहिल्याच चेंडूवर बाद झालो आणि आम्ही हरलो. साहेब केव्हाच निघून गेले होते.

तक्रार आमच्याच संघाने केली. आमच्या सेक्रेटरीचं म्हणणं असं की लखलखीत उन्हात खेळ थांबवणारा अम्पायर एकतर विकला गेला आहे किंवा त्याचं डोकं फिरलं आहे, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी सामना पुन्हा झाला पाहिजे. सामना पुन्हा झाला तर साहेबही पुन्हा येतील, असं त्याने बोलून ठेवलं होतं. मिलिंदने स्पर्धेच्या समितीसमोर एवढंच सांगायचं होतं की मला चेंडू स्वच्छ दिसत होता. अंथरुणातून उठल्यावर मिलिंद गल्लीत सांगत होता की म्हाताऱ्याने माझी नोकरी खाल्ली. सरांच्या कानावर ते गेलं होतं. ते त्याला भेटायला गेले नाहीत.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, डोळे दिपले होते म्हणून सांगा, समिती सोडून देईल, अम्पायरिंग वाचेल. सर कोटाला इस्त्री करत होते. म्हणाले, "मले बॉल दिसून राहिला होता. खोटं काहून सांगू?" मी म्हणालो, मग मिलिंदची हालत होती तशी सांगा. ते म्हणाले, त्यासाठी थांबवायचा नियम नाही, आणि नियमात नाही ते केलं असं मी कबूल केलं की सामना पुन्हा होईल. कधी होईल? मे महिन्यातच.

समितीची बैठक धरमपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर झाली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी सरांना विचारलं, चेंडू दिसत होता का? सर म्हणाले, दिसत होता. मग उजेड खराब कसा?

"जे पाहायचं ते दिसत नसलं तं उजेड खराब, साहेब. मले त्याचा घाम पाहायचा होता. तो दिसून राहिला नव्हता."

कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण पटल्यासारखेही दिसले नाहीत. त्यांनी मिलिंदला पुढे बोलावलं. सेक्रेटरीने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला उठवलं. मिलिंदने वडिलांचा इस्त्रीचा सदरा घातला होता, बाह्या त्याला आखूड होत होत्या. अध्यक्षांनी विचारलं, खेळ थांबवला तेव्हा तुम्हाला चेंडू दिसत होता का?

मिलिंदने सरांकडे पाहिलं नाही. "दिसून राहिला होता," तो म्हणाला. सेक्रेटरी खुर्चीत मागे टेकला.

"दोन दिसून राहिले होते साहेब. मी डावा मारत होतो."

अध्यक्षांनी विचारलं, डावाच का? मिलिंद म्हणाला, उजवा मारून पाहिला, तर बॅट हवेत फिरत होती. मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं की असं असताना तुम्ही खेळत का राहिलात. मिलिंदला हा प्रश्नच कळला नसावा. "साहेब बसले होते ना शामियान्यात," तो म्हणाला.

तक्रार फेटाळली गेली. सामना पुन्हा झाला नाही. सरांचं नाव मात्र पुढच्या मोसमात अम्पायरांत नव्हतं. कारण म्हणून वय सांगितलं. मिलिंदला ती नोकरी मिळाली नाही, ती धरमपेठेच्या एका मुलाला मिळाली, आणि तो मुलगा चांगला खेळायचा हेही सांगितलं पाहिजे. मला चीड येते ती त्याची नाही. एका माणसाला सावलीत बसून दुसऱ्याची ताकद जोखायची मुभा असते, आणि जोखला जाणारा दोन चेंडू दिसत असतानाही आपण बरे आहोत म्हणतो, याची येते. ही गोष्ट फक्त मैदानापुरती आहे असं गिरणीच्या फाटकाशी वाढलेल्या कोणी मला सांगू नये.

बैठकीनंतर जिन्यात सर मिलिंदची वाट पाहत उभे होते. तो खाली आला तसे म्हणाले, "दोन दिसून राहिले होते तं मले काहून नाही सांगितलं बे?"

"सांगितलं असतं तं तुम्ही काढलं असतं."

"काढलंच ना."

"हो. पण तुम्ही काढलं," मिलिंद म्हणाला. "मी नाही निघालो."

मग दोघे आपापल्या सायकली हातात धरून रस्त्याने पायीच निघाले. मी मागून जात होतो. उजव्या चेंडूवर बॅट फिरवताना पाय कुठे होता यावरून त्यांचं भांडण चाललं होतं, आणि ते वस्ती येईपर्यंत संपलं नाही.

त्या आठवड्यात मी नवीन पत्रक लिहिलं. मे महिन्यातल्या दुपारच्या सामन्यांविरुद्ध. क्रिकेटविरुद्ध नव्हतं. सगळी हकीकत नावानिशी दिली होती आणि सरांना वाचायला नेऊन दिली. त्यांनी पेन्सिल घेऊन आपलं नाव जिथे जिथे आलं तिथे तिथे खोडलं. मी हरकत घेतली. म्हणाले, "नाव टाकशीन तं लोक माझ्याबद्दल बोलतीन. ऊन तसंच राहीन." तो शब्द मी तेव्हा पाळला, इथेही पाळतो आहे.

मग तोच कागद घेऊन मी मिलिंदकडे गेलो. तो ओट्यावर बसून बॅटला दोरा गुंडाळत होता. विचारलं, तुझंही नाव काढू का? त्याने कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"माझं राहू दे," तो म्हणाला. "जाड अक्षरात टाक. आणि खाली लिही, दोन बॉल दिसून राहिले होते तरी नव्वदच्या वर मारले. एक दिसला असता तं किती मारले असते, ते नोकरी देणाऱ्याले समजू दे."